डबल ट्रॉली मागं घेताना

माझा ट्रॅक्टर हातभर लांब आहे, प्लास्टिकच्या विटांचा आहे आणि तो मी स्वतः बांधलेला आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण कोल्हापूर जिल्ह्यात हेच समजावून सांगता सांगता माझा घसा बसला. मुलं एकमेकांत टकाटक बसवून घरं बांधतात ना, त्याच विटा. फरक एवढाच की माझ्या विटांच्या पोटात मोटरी असतात. एक मोटर मागची चाकं फिरवते, दुसरी पुढची चाकं वळवते, आणि साबणाच्या वडीएवढा एक कंट्रोल बॉक्स ब्लूटूथवर हुकूम घेऊन दोघींना कामाला लावतो. मी नाशिकला दातांची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात बारीक कोरीवकाम केल्यावर संध्याकाळी मला विटा लागतात. नवरा म्हणतो, हे व्यसन आहे. म्हणू दे. तो स्वतः आपण हरलेले क्रिकेटचे जुने सामने पुन्हा पुन्हा बघतो, यंदा जिंकू या आशेनं.

तर हा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या लावून, दवाखान्यात शोकेसमध्ये ठेवला होता. राजश्री नावाची माझी एक पेशंट आहे, माहेर शिरोळचं. तिची दाढ काढायला मी इंजेक्शन दिलं, आणि अर्धी जीभ बधिर असताना तिचं लक्ष त्या शोकेसकडे गेलं. ती खुर्चीतच उठून बसली. तिच्या बोबड्या बोलण्यातून मला कळलं ते असं: शिरोळच्या बाजूला ऊस वाहणारे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढतात, आणि हंगाम संपला की यात्रेत त्यांची स्पर्धा लागते. पुढे पळवायची नव्हे. मागे घ्यायची! दोन ट्रॉल्यांसकट रिव्हर्स!

ज्यांनी कधी हे केलं नाही त्यांना यातली गंमत कळायची नाही. एक ट्रॉली मागे घ्यायची तर स्टेअरिंग उलटं फिरवावं लागतं. दोन असतील तर उलट्याचं उलटं, आणि तेही अगदी वेळेवर. नाहीतर दोन्ही ट्रॉल्या मधेच मुडपून बसतात आणि गडी घामाघूम. मी मात्र त्यावर तोडगा काढला होता. दोन्ही जोडांवर एकेक सेन्सर. कुठली ट्रॉली किती वाकडी झाली ते सेन्सर सांगणार, कंट्रोल बॉक्स हिशेब करणार आणि पुढची चाकं आपोआप वळणार. आपण एक बटण दाबायचं आणि चहा प्यायचा. आमच्या हॉलच्या फरशीवर तो अस्सा सरळ मागे जायचा की मला रोज नव्यानं अभिमान वाटायचा.

राजश्रीनं तिथूनच वडिलांना फोन लावला. यात्रा कमिटीनं स्पर्धा संपल्यावर माझ्या ट्रॅक्टरचा एक फेरा मान्य केला. मी दवाखान्याला कुलूप लावलं आणि राजश्रीबरोबर निघाले.

कोल्हापूर

बसमध्ये मी ट्रॅक्टरचा खोका मांडीवर घेतला होता. कराडनंतर डोळा लागला, आणि उठून बघते तर शेजारच्या काकांनी आपली पिशवी माझ्या खोक्यावर ठेवून तिच्यावर डोकं टेकलं होतं. स्टँडवर उतरून खोका उघडला. ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडणारी पिन तुटलेली!

"चला, आधी दूध पिऊया," राजश्री म्हणाली.

आमच्याकडे वाईट काही झालं की चहा देतात. इथं रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाचा गरम ग्लास हातात ठेवतात. मी म्हटलं, अर्धाच द्या. दूधवाल्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अर्धी म्हैस मागितली. "पावणं, अर्धं आमच्यात आजाऱ्याला देत्यात. तुम्ही आजारी हाय काय?" मग पूर्ण ग्लास प्यायले. एवढ्यात म्हशीनं खोक्यात तोंड घालून मागची ट्रॉली चाटली, आणि ती चिकट ट्रॉली मी रुमालानं पुसत असताना दूधवाल्याला मी कसली डॉक्टर ते कळलं. त्यानं लगेच आ केला. "ही बगा की, वरची. गार लागलं की ठणकतीया." कोल्हापूरनं मला दाखवलेला हा पहिला दात. पुढे इतके दाखवले की मी मोजायचं सोडून दिलं.

शिरोली एमआयडीसी

सकाळी पिनेच्या शोधात कोल्हापूरलगतच्या शिरोलीला गेलो, शिरोळ वेगळं. राजश्रीच्या चुलत्यांचे कोणी ओळखीचे तिथं कारखाना चालवतात, ट्रकचे भाग बनवतात. मालक खुर्चीतून उठून आले. तुटलेली पिन मी तळहातावर दाखवली, ती काडीपेटीतल्या काडीएवढी.

"एवढीच?" ते म्हणाले. त्यांचा जरा अपमान झालेला दिसला.

"एवढीच. आणि हलकी हवी. प्लास्टिकची असली तरी चालेल."

"प्लास्टिक?" त्यांनी आत हाक मारली आणि अख्ख्या कारखान्यानं ते ऐकून हसून घेतलं. मग लेथवर पोलादी पिन कातून झाली, घासून झाली, चकचकीत झाली. "घ्या. तुमचा ट्रॅक्टर मोडंल, पर ही न्हाय मोडायची." ती बसवल्यावर ट्रॅक्टर मागून किंचित बसल्यासारखा झाला, तरी मी आभार मानले. पैसे विचारले तर म्हणाले, "पैसं ऱ्हाऊ द्या, तेवढी ही दाढ बगा."

शिरोळ

राजश्रीच्या माहेरी पोचलो तेव्हा तिचे वडील, भूपालआप्पा, दारातच उभे होते. धिप्पाड माणूस, पांढऱ्या मिशा, आणि गळ्याभोवती जाड पट्टा. माझ्याकडे बघायला ते मान वळवत नसत, अख्खे वळत. आधी पोट, मग खांदे, मग मिशा.

"या डॉक्टरबाई. लई मोठा ट्रॅक्टर म्हणालती पोरगी. कुठाय?"

मी खोक्यातून काढून ओट्यावर ठेवला. आप्पा गुडघ्यावर बसले. मग पुढचं चाक बोटानं डावीकडे-उजवीकडे करून बघितलं आणि म्हणाले, "साऊंड न्हाय?"

"म्हणजे?"

"गाणी लावायचं. आमच्यात ट्रॅक्टरला टेप न्हाय म्हंजे ट्रॅक्टर मुका."

मी त्यांना सेन्सर दाखवले, बटण दाखवलं, सगळं आपोआप कसं होतं ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आपोआप जातोय. मग माणूस काय करतोय?"

"बघतो."

"बघाय काय, म्हशी बी बघत्यात की! ते काय न्हाय. ट्रॅक्टर तुमचा, पर रिव्हर्स मी घेणार."

"मुळीच नाही," मी म्हटलं. "त्याला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही."

आप्पा अख्खे वळले आणि आत गेले.

मग राजश्रीनं मला खरी गोष्ट सांगितली. ही स्पर्धा आप्पा वर्षानुवर्षं मारत होते. भिंतीवर ढालींची रांग होती. मग मान गेली. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी पट्टा घातला आणि बजावलं की मागे वळून बघायचं नाही. आता रिव्हर्स घ्यायला मागे वळून बघण्यावाचून इलाज नाही. ट्रॅक्टरची किल्ली राजश्रीच्या आईंनी, पद्माक्कांनी, कनवटीला खोचली ती कायमची. तेव्हापासून ढाल नेतात आप्पांचे धाकटे भाऊ बाबगोंडा, आणि जाताना आप्पांच्या दारावरून हॉर्न वाजवत नेतात. मागच्या दोन यात्रांना आप्पा मैदानाकडे फिरकलेसुद्धा नाहीत. खिडक्या लावून, पंखा मोठ्यावर सोडून पडून राहिले.

"म्हणून तुम्हाला आणलं हो," राजश्री म्हणाली. "तुमच्या ट्रॅक्टरच्या निमित्तानं तरी ते मैदानात येतील. एकदा ट्रॉली मागं घेतल्याशिवाय त्यांना चैन नाही पडायचं."

मला वाईट वाटलं. पण ट्रॅक्टरही माझाच होता, काय करणार!

जेवण सूर्य मावळायच्या आत. जैन घर, दिवे लागल्यावर चूल बंद. खपली गव्हाची खीर, वर तुपाची धार, भाकरी, आमटी, आणि "घ्या की, घ्या की" म्हणत वाढणाऱ्या पद्माक्का. नाशिकला आम्ही पाहुण्याला विचारतो, आणखी हवं का? इथं विचारत नाहीत, वाढतात, आणि नको म्हटलं की "का, चांगलं न्हाय झालं?" असं म्हणून पुन्हा वाढतात. पद्माक्का स्वतःबद्दल बायका बोलतात तसं न बोलता "मी आलो, मी केलो" असं बोलायच्या. तिकडे तशीच पद्धत आहे. ऐकायला मला फार गोड वाटायचं. सकाळपर्यंत तरी.

स्पर्धेचा दिवस

रात्री मी कंट्रोल बॉक्स काढून उशाशी चार्जिंगला लावला होता. देवाची कृपा म्हणायची. सकाळी उठून अंगणात आले तर माझा ट्रॅक्टर उन्हात, कुरडयांच्या शेजारी वाळत होता. वर झेंडूची माळ. बॉनेटला हळदकुंकू. चाकांना तेल. खालून पाणी ठिबकत होतं.

"हे कुणी केलं?" माझा आवाज चिरकला.

"मीच धुतलो की!" पद्माक्का कौतुकानं म्हणाल्या. "स्पर्धेला काय बिनआंघुळीचा नेतासा? समद्यांचं ट्रॅक्टर धुऊन येत्यात. ती म्हशीची लाळ बी लागल्याली. मोटरीच्या पाइपनं धुतलो, साबणाच्या पावडरीनं."

पाण्याच्या पंपाचा पाइप! त्या बाईंच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी "छान झालाय हो" म्हटलं आणि आत जाऊन उशीत तोंड खुपसून ओरडले.

दुपारी सगळं वाळल्यावर कंट्रोल बॉक्स बसवला. मोटरी कुरकुरल्या, पण चालल्या. सेन्सर दोन्ही मेले. बटण दाबलं की ट्रॅक्टर मागे निघायचा आणि दोन फुटांवर दोन्ही ट्रॉल्या मुडपून बसायचा. उरला तो हातात धरायचा रिमोट. एक खुंटी पुढे-मागे जायची, दुसरी डावी-उजवीची. मी प्रयत्न केला. पहिल्यांदा ट्रॉली तुळशीवृंदावनाला धडकली, दुसऱ्यांदा कुरडयांवर चढली, तिसऱ्यांदा माझ्याच पायावर.

"रद्द करूया," मी म्हटलं. "कळवा कमिटीला."

"रद्द?" आप्पा दारातून गरजले. "मैदानात बोर्डावर नाव लिवलंय! आणा हिकडं."

आता माझं काय राहिलं होतं राखायला? दिला रिमोट. आप्पांनी तो दोन्ही हातांत धरला, पट्टा सावरला आणि ट्रॅक्टर मागे सोडला. ट्रॉली भलतीकडेच वळली.

"मी डावीकडं म्हणतोय, ह्यो उजवीकडं चाललाय! ह्येला कळतंय का न्हाय?"

मला दोष कळला. खऱ्या ट्रॅक्टरवर अंग आणि हात पुढच्या दिशेला असतात, मान तेवढी मागे वळते. इथं ट्रॅक्टर मागे जाणार, आप्पा त्याच्या तोंडासमोर उभे राहून त्याच्यामागून चालणार. म्हणजे त्याचं डावं ते यांचं उजवं. आयुष्यभर हातांना लागलेली सवय अशी एका दुपारीत उलटी कशी होणार? मी म्हटलं, मग ट्रॅक्टरचं तोंड जिकडे आहे तिकडेच तोंड करून उभे राहा. राहिले. पण आता ट्रॉल्या पाठीमागे, आणि त्या बघायला मान वळवायला हवी.

आप्पांनी रिमोट खाली केला. "म्हंजे हितं बी मानच," ते हळूच म्हणाले. मघाशी गरजणारा माणूस एवढ्याशा आवाजात बोलला की पद्माक्का चुलीवरचं सोडून बाहेर आल्या.

"द्या तो इकडे," मी म्हटलं. "नका वाईट वाटून घेऊ."

"न्हाय देत."

"आप्पा, द्या. बॅटरी जाते."

मी हात पुढे केला तसा त्यांनी रिमोट दोन्ही हातांनी पाठीमागे लपवला. सत्तरी ओलांडलेला माणूस, लहान पोरासारखा! मी डावीकडून गेले, ते अख्खे वळले. मी उजवीकडून गेले, ते परत अख्खे वळले. मी नुसती तणतणत होते, ते नुसते "न्हाय म्हंजे न्हाय" करत होते, आणि बोटं खुंट्यांवर तशीच.

"आवो!" पद्माक्का किंचाळल्या. "त्येच्याकडं बगा की! सरळ चाललंय!"

ट्रॅक्टर अंगणातून मागे मागे चालला होता. दोन्ही ट्रॉल्या एका रेषेत. वळता वळता आप्पांचं तोंड ट्रॉल्यांकडे झालं होतं आणि हात पाठीशी ठेवूनच ते त्याच्या मागून चालत होते. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. रिमोट पाठीमागे धरला की हात पुन्हा ट्रॅक्टरच्या तोंडाच्या दिशेला झाले आणि डोळे मागच्या! मान न वळवता मान वळवल्यासारखंच!

आप्पा एका जागी थांबले. मग कुणालाही न विचारता फाटकाबाहेर पडले, तसेच, हात पाठीशी, ट्रॅक्टर पुढ्यात घालून. मैदानापर्यंत त्यांनी तो उचलू दिला नाही. वाटेत एक कुत्रं भुंकत आलं. आप्पांनी त्याला ट्रॉल्यांनी वळसा घातला.

मैदानात खरे ट्रॅक्टर लखलखत उभे होते, टेप बडवत. बाबगोंडांनी ढाल मारलीच होती आणि ती बॉनेटवर ठेवून ते मिशांना पीळ देत होते. मोठा भाऊ आलेला बघून पीळ अर्ध्यात थांबला.

चुन्याच्या फक्कीनं दोन रेघा आखल्या होत्या, माझ्या ट्रॅक्टरच्या मापानं, आणि टोकाला एक चौकोन. रेघेला चाक लागलं की बाद, चौकोनात थांबलं की जिंकलं. आप्पा निघाले. माणसं वाकून, एकमेकांच्या खांद्यावर चढून बघत होती, पण चालवतंय कोण ते कुणालाच कळेना. म्हातारा तर हात पाठीशी बांधून बांधावरून फिरायला निघाल्यासारखा चाललेला!

माइकवाल्यानं संधी साधली. "बगा मंडळी! नाशिकच्या डॉक्टरबाईंचा आपोआप चालणारा ट्रॅक्टर! माणूस नको, ड्रायव्हर नको! आप्पा नुसतं सोबत निघालेत!"

आप्पा थबकले. ट्रॅक्टर थबकला. आधी पोट वळलं, मग खांदे, मग मिशा. त्यांनी लोकांकडे तोंड केलं आणि रिमोट डोक्यावर धरला.

"मी चालवतोय, मी!" ते ओरडले. "आपोआप कोण म्हणतंय? पुढं ये!"

मैदान खदाखदा हसलं. माइकवाल्यानं माफी मागितली, दोनदा, कारण पहिल्यांदा आप्पांना ती पुरेशी वाटली नाही. मग ते पुन्हा अख्खे वळले आणि हात पाठीशी गेले. पोलादी पिनेनं मागून बसलेला तो माझा बिचारा ट्रॅक्टर ढेकळांवर डुलत मागे सरकू लागला. मागची ट्रॉली डाव्या रेघेच्या अगदी जवळ गेली. मी डोळे मिटले. बाजूला पद्माक्का देवाचं नाव घेत होत्या. कमिटीतले लोक "येऊ द्या, येऊ द्या" म्हणून ओरडायला लागले, मग सगळं मैदान, मग मीही. आमच्या नाशकात मी रस्त्यावर कधी मोठ्यानं बोलत नाही.

"बास!"

चौकोनाच्या बरोबर मधोमध. चुना तसाच्या तसा.

काय आरडाओरडा झाला! टोप्या उडाल्या, टेप वाजले, माइकवाला मला माइकवरूनच त्याची दाढ दाखवायला लागला. आणि त्या सगळ्यावरून एक शिट्टी आली, दोन बोटं तोंडात घालून मारलेली, लांबलचक. बाबगोंडा ट्रॅक्टरवर उभे होते. ढाल त्यांनी भावाला द्यायला उचलली होती, पण शिट्टी मारायला हात मोकळा हवा म्हणून ती काखेत धरली होती.

शिट्टी आप्पांच्या पाठीमागून आली. आणि दोन वर्षं सगळ्या घरानं जे होऊ दिलं नव्हतं ते झालं. पोट नाही, खांदे नाहीत. आप्पांनी झटकन मान वळवून मागे बघितलं.

"आई आई गं!"

पुन्हा कोल्हापूर

बाबगोंडांनीच गाडी काढली. आप्पा पुढच्या सीटवर, मान उजव्या खांद्यावरून मागे वळलेली, तिथंच अडकलेली. त्यामुळे सगळा रस्ताभर ते मागे बसलेल्या आमच्याकडेच बघत होते आणि मिशांत हसत होते. पद्माक्का रडत होत्या आणि अधूनमधून शिव्या देत होत्या. माझ्या मांडीवर ट्रॅक्टर, आप्पांच्या मांडीवर ढाल. रिमोट अजून त्यांच्याच मुठीत होता, आणि मी तो मागितला नाही.

"दिसलो का रं मी नीट?" आप्पांनी भावाला विचारलं. त्याच्याकडे बघता येत नसल्यानं माझ्याकडे बघून.

"दिसला की," बाबगोंडा म्हणाले. "रेघंला लागलं न्हाय. म्या बगितलं." आणि त्यांनी उगाच हॉर्न वाजवला.

डॉक्टर तेच, पट्टा घालणारे. त्यांनी आप्पांना बघून कपाळाला हात लावला. मग हात धुतले, आप्पांच्या पाठीमागे उभे राहिले आणि दोन्ही तळवे त्यांच्या जबड्याला लावले. "घाबरू नका. हळूहळू सरळ करतो. जरा कळ येईल."

"थांबा की वो," आप्पा म्हणाले.

"का? दुखतंय?"

"दुखतंय तर लई. पर एवढी मागं वळलीयाच, तर पुढच्या यात्रेपतूर अशीच ऱ्हाऊ द्या."